पेणचं नाव काढायचं नाही

८ जुलै १९९९, गुरुवार

चालला! कंपनीच्या ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर अखेर चालला. कंपनीला टाळं लागलं, यंत्रं गंजली, माणसं घरी बसली आणि हा पठ्ठ्या मात्र एक बटण दाबल्यावर उठून बसला. नोटिसा मराठीत काढायचे म्हणून आत मराठी अक्षरांचं कार्डपण आहे.

किमया म्हणते, "बाबा, हात लावू नका, मी दाखवते." माझ्या घरात मीच हात लावायचा नाही! अख्खा प्लांट चालवायचो मी. तर म्हणे, "तो प्लांट होता, हा बिघडेल."

अनिताचं वेगळंच. "बरं झालं. आता तरी माझे डबे पुसायचे थांबवाल."

डबे पुसू नको तर काय करू? शिफ्ट नाही, भोंगा नाही. चहा झाला की दिवस संपला!


१० जुलै

किमया पेणला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. तिथून एक खेळ घेऊन आलीय, फ्लॉपीवर. क्लासमध्येच कुणीतरी तयार केलाय. शब्दांचा खेळ आहे. मला वाटलं पोरांचं काहीतरी असेल. संध्याकाळचा चहा गार झाला तरी बसलो होतो.

इथं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या परत तिच्या तोंडाकडे बघावं लागेल.

पडद्यावर पट. पटावर घरं. प्रत्येकाला सात अक्षरांचे ठोकळे मिळतात, नुसती अक्षरं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हवे तेवढे फुकट. पहिला शब्द पटाच्या मधल्या घरावरून गेला पाहिजे. पुढचा प्रत्येक शब्द आधीच्या एखाद्या शब्दातलं अक्षर धरूनच मांडायचा, आडवा नाहीतर उभा. अधांतरी मांडला की यंत्र पीप करून ओरडतं. क, र, त असल्या साध्या अक्षरांना गुण कमी. ठ, ढ, ण, ळ ही मंडळी महाग. लाल घरावर शब्द पडला की गुण दुप्पट. वापरली तेवढी अक्षरं लगेच नवीन मिळतात. काहीच सुचत नसेल तर अक्षरं बदलून घ्यायची, पण मग खेळी गेली.

नावं चालत नाहीत. माणसाचं नाही, गावाचं नाही, देवाचंसुद्धा नाही. पण शब्द खरा की खोटा हे यंत्राला कळत नाही, ते आपणच बघायचं. पटत नसेल तर 'हरकत'चं बटण. एकाची जरी हरकत आली तरी शब्द उचलला जातो आणि खेळणाऱ्याची खेळी बुडते. हे मला फार आवडलं!

आणि खरी गंमत पुढेच आहे. चौघं खेळतात, पण चौघं एका जागी लागत नाहीत. आपली खेळी करायची, फ्लॉपीवर साठवायची, फ्लॉपी पुढच्याला द्यायची. ज्याचा त्याचा परवलीचा शब्द, म्हणजे दुसऱ्याची अक्षरं दिसत नाहीत. खाली एक ओळ निरोपाला. पहिला मी, दुसरी किमया. मग सकाळी फ्लॉपी तिच्या डब्याच्या पिशवीतून एसटीनं पेणला. तिथं तिसरा आणि चौथा.

"तिसरा कोण?"

"मिथुन."

मिथुन म्हणजे माझा पुतण्या. त्याच क्लासात शिकवतो. पोराशी माझं वैर नाही. पोरानं काय केलंय?

"आणि चौथा?"

"आहे एक जण. मिथुनच्या ओळखीचा."


१३ जुलै

पहिला शब्द माझा — 'कढई'. ढ मिळाला होता, वाया कशाला घालवू! किमयानं 'कप' जोडला. मुळमुळीत. फ्लॉपी गेली.


१४ जुलै

फ्लॉपी आली नाही. किमया म्हणते, चौथ्याची खेळी व्हायचीय.


१५ जुलै

आजपण नाही. तीन-चार अक्षरांचा तर प्रश्न! मी निरोपाच्या ओळीत लिहून ठेवणार आहे, झोपलात का?


१६ जुलै

आली! इतक्या दिवसांनी यानं काय खेळावं? 'पर'. दोन अक्षरी! मोजून दोन! आणि निरोपाची ओळ कोरी.

मी लिहिलं — "चौथे खेळाडू, जरा पाय उचला." किमयानं वाचलं. तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "बाबा, असं नका लिहू." का नको? खेळात थट्टा चालत नाही काय?

तिनं पुसलं. मी परत लिहिलं.


२४ जुलै

आमची पंचाईत अशी की मला थांबता येत नाही. प्लांटवर एक घंटा वाजली की हात आपोआप वॉल्व्हकडे जायचा. आता दिवसभर हाताला काही लागत नाही. आमच्या वरशाहून रोहा स्टँड, स्टँडवरून परत वरसे, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. संध्याकाळी किमयाची एसटी येते म्हणून. येते ती आधी भाजी घेतलेल्या बाया उतरवते, मग किमया, आणि मी लांबूनच विचारतो, "आली?" आज वाटेत गडब गावाजवळ गाडी पंक्चर. तासभर उभा होतो. शेवटी ती आली, आणि फ्लॉपी नाही!

"बाबा, सगळे बघतायत," म्हणाली.

बघू देत.


२७ जुलै

जेवताना अनिता म्हणाली, "ऐका ना, पेणला —"

मी ताट सरकवलं. या घरात पेणचं नाव काढायचं नाही, हे हजार वेळा सांगून झालंय. पोरगी रोज पेणला जाते ते वेगळं. ते पेण गाव. मी म्हणतो ते पेण म्हणजे ते घर.


३ ऑगस्ट

लिहूनच टाकतो, कुणी वाचणार थोडंच आहे.

आमचा गणपती एकच, पेणला, वडिलांच्या घरी. दादा थोरला, म्हणून तिथं. वडिलांपासून तिथं मूर्तींचा कारखाना. डोळ्यांची आखणी वडिलांनी आम्हा दोघांनाही शिकवली. मी कंपनीत लागलो, ब्रश माळ्यावर टाकले. दादा तिथंच राहिला. आखणी त्याच्याच हातची, मुंबईची माणसं नाव सांगून यायची. कमळाकरदादांचे डोळे हवेत म्हणायची.

दोन वर्षांमागं विसर्जनाच्या दिवशी मला सेकंड शिफ्टवरून सुटायला उशीर झाला. धावत पोचलो तर आरती झालेली! माझ्यासाठी थांबले नाहीत. मी म्हटलं, दादा, शेवटच्या आरतीला तरी थांबायचंस. तर सगळ्यांसमोर म्हणाला, "पाहुण्यांसाठी देव थांबत नाय."

पाहुणा! त्या घरात जन्मलो मी!

तेव्हापासून अबोला. गेल्या वर्षी गेलोच नाही. यंदा गणपती इथं, वरशाला, माझ्या घरी बसणार. ठरलं म्हणजे ठरलं.

अनिता म्हणते, "एकदा वेगळा बसवला की मोडता येत नाय. पिढ्यान्पिढ्या वेगळा. विचार करा."

केला विचार.


९ ऑगस्ट

चौथा खेळाडू मला ओळखीचा वाटतो. कुणीतरी ळ दाबून बसलंय. यंत्र म्हणतं एकही ळ शिल्लक नाही, पटावर मात्र एक कमी. माझ्याकडे नाही, किमया म्हणते तिच्याकडे नाही. म्हणजे मिथुन नाहीतर हा. महाग अक्षर कुणी इतकं धरून ठेवतं काय? खेळून गुण घ्यावेत की!

लहानपणी बदामसत्ती खेळायचो तेव्हा दादा असाच सत्ती दाबून बसायचा. घरातले सगळे बोंब मारायचे. हा हसायचा नुसता.

पण छे. दादा आणि कॉम्प्युटर! ज्याला घड्याळात अलार्म लावता येत नाही.


१६ ऑगस्ट, नागपंचमी

पाट दिला. नवा कोरा, सागवानी, स्वतः रंधा मारलेला. आमच्याकडे नागपंचमीला पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, चतुर्थीला त्याच पाटावरून देव घरी आणायचा. आमचा जुना पाट त्या घरात. तो मागायला मी जाणार नाही. पेणमधल्याच हैबतरावांच्या मूर्तींच्या कारखान्यात दिला. ते चक्रावले. "तुमच्या घरच्या कारखान्यात का नाय?" म्हटलं, पाट घ्यायचा असेल तर घ्या.

येताना त्या घराच्या गल्लीवरून आलो. मुद्दाम नाही. एसटी स्टँडला तीच वाट जवळची. आत नजर गेली. ओळीनं गणपती उभे, रंग झालेले, आणि एकालाही डोळे नाहीत! नागपंचमीला! वडील असते तर फोडून काढलं असतं. एवढा आळस चढला का थोरल्यांना?

वडिलांच्या वेळेपासूनचा सखा दारातच शाडू मळत होता. मला बघून उठला. "गोविंदाभाऊ! बरं झालं आलात. दादांचं कळलं ना? यंदा दादा —"

"सखा, त्याचं नाव माझ्यापुढं काढू नको."

तो हातातल्या गोळ्याकडं बघत राहिला. मी चालू लागलो.


१८ ऑगस्ट

फ्लॉपी आली. चौथ्याचा शब्द — 'पाट'.

योगायोग. 'ट' माझाच होता, त्यानं 'प' लावला, झालं. रोज शंभर लोक बोलतात हा शब्द.

तरी जेवण गेलं नाही.


२४ ऑगस्ट

किमयाला उभं केलं. चौथा कोण, सरळ सांग.

"तुम्हीच म्हणता ना नाव काढायचं नाय," म्हणाली आणि रडायला लागली. अनितानं तिला आत नेलं. आतून बोलणं ऐकू आलं, "सांगून टाक गो" आणि मग किमयाचा आवाज, "त्यांनी शपथ घातलीय."

म्हणजे तोच. दादाच! खेळतोय माझ्याशी, महिना झाला, आणि निरोपाच्या ओळीत एक अक्षर नाही. काय माणूस आहे! शब्द मांडेल पण बोलणार नाही.

आणि मी? मीही निरोप लिहायचा थांबलो. "पाय उचला" वगैरे आता लिहवत नाही.


३० ऑगस्ट

'डोळे'. ळ निघाला अखेर! आडवा, लाल घरावरून. एका शब्दात मिथुनच्या पुढं गेला. मला इतका आनंद झाला की ओरडलोच. अनिता लाटणं घेऊन बाहेर आली. "काय झालं?"

"दादानं सत्ती सोडली!"

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं, नाव मीच काढलं. अनिता पदर डोळ्याला लावून आत गेली. मी विचारलं नाही. नंतर वाटलं, विचारायला हवं होतं.


४ सप्टेंबर

झोप नीट नाही. भूक नीट नाही. नव्या गणपतीसाठी मखर करायला घेतलं, अर्धं करून ठेवलं. हैबतरावांकडचे डोळे मला पटलेले नाहीत. बुबुळ जरा वर गेलंय, देव छताकडे बघतो. दादाच्या आखणीतला देव आपल्याकडे बघायचा. कुठंही उभे राहा, आपल्याकडेच.


७ सप्टेंबर

फ्लॉपी आली. किमयानं घातली, पडदा उघडला आणि माझ्याकडे न बघता उठून गेली.

चौथ्यानं मांडलंय — 'गोंदू'.

मला गोंदू म्हणणारी दोनच माणसं. आई गेली. राहिला तो.

नाव आहे! खेळात नावं चालत नाहीत! माझ्या बोटाखाली हरकतीचं बटण होतं. एकदा दाबलं की शब्द उचलला जाईल, त्याची खेळी बुडेल. मी हात मागं घेतला. चहा प्यायलो. परत येऊन बघितलं, शब्द तिथंच. कोपऱ्यात, आधीच्या 'गोड'च्या 'ग'ला धरून, उभा. पटावर सगळ्यात कमी गुणांचा शब्द.

हरकत नाही.

अनिताला म्हटलं, शुक्रवारी पेणला जातो. भेटतो त्याला. पाट हैबतरावांकडे आहे तो आहे, पण दादा बोलला तर बघू. त्यानं एकदा "गोंदू" म्हणावं तोंडानं. मला दुसरं काही नको.

ती म्हणाली, "जायच्या आधी माझं ऐकून जा."

म्हटलं, आल्यावर. आता काही सांगू नको, माझं मन पालटेल.


१० सप्टेंबर, शुक्रवार

संपलं. सगळं संपलं!

गेलो. सकाळच्या गाडीनं. घरी केलेल्या करंज्यांचा डबा घेऊन, पोरासारखा. कारखान्यात गर्दी, टेंपो लागलेला, मिथुन मूर्ती चढवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. डोळे आखलेले होते आता, पण परक्या हाताचे, लगेच कळतं. कोपऱ्यात एक मूर्ती फडक्याखाली. आणि तिच्या शेजारी दादा, खुर्चीत, अंगावर शाल घेऊन. सप्टेंबरच्या उकाड्यात शाल! वाळलाय.

मी समोर उभा राहिलो. सगळे कामगार बघत होते. तरी म्हटलं, "दादा, मी आलोय."

त्यानं बघितलं माझ्याकडे. ओठ हलल्यासारखे झाले. आणि मान फिरवली! भिंतीकडे!

"दादा, मी बोलतोय. तू गोंदू लिहिलंस म्हणून आलो. एक शब्द बोल."

नाही. भिंतीकडेच तोंड. मी थांबलो. माणूस किती थांबणार? परत म्हटलं, "अजून पाहुणाच काय मी?" एक नाही, दोन नाही. मग माझा तोल गेला. काय काय बोललो. माज म्हणालो. वडिलांचं नाव घेतलं. करंज्यांचा डबा तिथंच शाडूवर ठेवला आणि बाहेर पडलो.

शकूवहिनी घरातून धावत आल्या, हात पिठाचे. "भावोजी, थांबा! भावोजी, अवो ऐका तरी!" सखा टेंपोमागून ओरडला, "भाऊ, असं नाय ओ करायचं!" मी ऐकलं नाही. गाडीत बसलो.

परवा तेरवा गणपती. इथंच बसणार. हैबतरावांचा. छताकडे बघणारा. बघू दे छताकडे. घरी येऊन फ्लॉपी काढली आणि कपाटाच्या मागं टाकली.

अनितानं विचारलं, "बोललात काय त्यांना?"

"बोललो! तोच बोलला नाही!"




११ सप्टेंबर

आज अनितानं ताट वाढलंच नाही. समोर येऊन बसली. "उठलात तर मी पण उठेन, आणि सरळ पेणला जाऊन राहीन."

बसलो.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात दादाला झटका आला. वाचा गेली. उजवा हात गेला. ती तेव्हापासून सांगायला बघत होती, मी ताट सरकवलं. परत आली, मी चपला घालून बाहेर गेलो. दादानं तर खुणेनं सगळ्यांना शपथच घातली, गोंदूला दया करायला बोलवू नका. वहिनी त्याला मिथुनच्या कॉम्प्युटरपुढं बसवतात. डाव्या हाताच्या बोटानं तो एकेक अक्षर दाखवतो. एका शब्दाला कधी कधी दोन दिवस लागतात.

घरचा गणपती तो फडक्याखालचा. डोळे नाहीत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

माळ्यावरून ब्रश काढले. धुतले. केस शाबूत आहेत. उद्या पहिल्या एसटीनं निघतो. पाट हैबतरावांना म्हणावं, ठेवून घ्या.